उशिरा आलेले वैमानिक

विमान चालवायचे तर विशीच्या आतच ठरवावे लागते आणि पंचविशीपर्यंत कॉकपिटमध्ये बसावे लागते, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की झाली आहे की चाळिशीतला एखादा बँक अधिकारी किंवा शिक्षक या पेशात शिरू पाहतो तेव्हा घरचे आधी त्याच्या वयाकडे बोट दाखवतात. वयाचा हा दाखला शरीराच्या नावाने दिला जातो. डोळे, कान, प्रतिक्रियेचा वेग हे सारे उतरणीला लागलेले असते, तिथे नवी विद्या कशी जमणार? विमानविद्येचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. वयाची ही अट आकाशाने घातलेली नाही, माणसांच्या संस्थांनी घातली आहे आणि तीही मुख्यतः हिशेबापोटी. ज्या काळात संस्थांना हा हिशेब बाजूला ठेवावा लागला, त्या काळात दुसऱ्या पेशातून उशिरा आलेल्या माणसांनी हे काम चोख करून दाखवले. त्याचा सर्वांत भक्कम पुरावा दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटनमध्ये सापडतो.

पहिल्या पिढीपासून सुरुवात केली तर तिथे प्रत्येक जण दुसऱ्याच पेशातून आलेला दिसतो, कारण वैमानिक नावाचा पेशाच तेव्हा नव्हता. राइट बंधू सायकली बनवून विकत. १९०३ च्या डिसेंबरात त्यांचे यंत्र जमिनीवरून उचलले गेले तेव्हा विल्बर ३६ वर्षांचा होता आणि ऑर्व्हिल ३२ वर्षांचा. १९०९ साली इंग्लिश खाडी विमानाने पार करणारा लुई ब्लेरिओ मोटारींचे दिवे बनवणारा कारखानदार होता आणि त्याने पस्तिशी ओलांडली होती. १९०८ साली ब्रिटनमध्ये पहिले यंत्रशक्तीचे उड्डाण करणारा सॅम्युअल कोडी चाळिशीत होता. त्याआधी तो रंगमंचावर काउबॉयचे खेळ करी आणि माणूस उचलणारे पतंग बांधी. हॅरिएट क्विम्बी न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकात नाट्यसमीक्षा लिहीत असे. १९११ साली ३६ व्या वर्षी परवाना मिळवणारी ती पहिली अमेरिकन स्त्री ठरली आणि पुढच्याच वर्षी तिने एकटीने इंग्लिश खाडी पार केली. या मंडळींपैकी कोणालाही कोणी वयाचा दाखला मागितला नाही, कारण मागणारी संस्थाच अजून उभी राहिली नव्हती.

ती संस्था लष्कराने उभी केली. पहिल्या महायुद्धात वैमानिक झपाट्याने मरत होते आणि त्यांच्या जागा भरायला शाळेतून नुकतीच बाहेर पडलेली मुले हाताशी होती. लढाऊ विमानाच्या कसरतीत तरुण शरीराला खरोखरच फायदा असतो, त्यामुळे ही निवड निराधार नव्हती. पण लढाईसाठी घातलेली अट पुढे उड्डाणमात्रालाच चिकटली. ब्रिटनने १९३६ साली हवाई दलाची स्वयंसेवक राखीव तुकडी उभारली, तेव्हा वैमानिकांसाठी १८ ते २५ ही वयोमर्यादा ठेवली. प्रवासी वाहतूक करणाऱ्या कंपन्या वाढल्या तशा त्यांनीही हवाई दलातून बाहेर पडणारी तयार माणसे घेतली आणि त्यांच्याबरोबर हवाई दलाची वयाची कल्पनाही घेतली. आता जे चित्र स्वाभाविक वाटते ते असे तयार झाले.

या चित्राला पहिला मोठा तडा १९३९ साली गेला. जेरार्ड डर्लांजर हे बँकिंग व्यवसायातले गृहस्थ होते, एका ब्रिटिश विमान कंपनीचे संचालक होते आणि हौशी वैमानिकही होते. युद्ध पेटले तर हवाई दलाला एकही तरुण वैमानिक दुसऱ्या कामाला देता येणार नाही, आणि खासगी परवाना असलेली, पण वयामुळे वा प्रकृतीमुळे हवाई दलाला नको असलेली शेकडो माणसे घरी बसून राहतील, हे त्यांनी आधीच ओळखले होते. सुमारे १,००० परवानाधारकांना पत्रे गेली, शंभरेक उत्तरे आली आणि मुलाखत व उड्डाणचाचणी घेऊन ३० जण निवडले गेले. अट होती किमान २५० तास उड्डाणाची, आणि वय २८ ते ५०. हवाई दल जिथे दार लावत होते तिथेच हे दार उघडत होते. या संस्थेचे नाव एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरी, म्हणजे एटीए. मुख्य ठाणे होते लंडनच्या पश्चिमेला व्हाइट वॉल्थम इथे. काम एकच होते: कारखान्यातून किंवा दुरुस्तीच्या शेडमधून निघालेले विमान लढणाऱ्या तुकडीपर्यंत सुखरूप पोहोचवायचे.

इथे जमलेली माणसे बघितली तर आजची कुठलीही भरती समिती डोक्याला हात लावेल. ग्लासगोचे डग्लस फेअरवेदर पेटंटचा व्यवसाय करणारे, पन्नाशीला टेकलेले, चांगलेच स्थूल आणि एकामागून एक सिगारेट ओढणारे गृहस्थ होते. नकाशाशिवाय वाट काढण्याबद्दल त्यांची ख्याती होती. स्ट्युअर्ट कीथ-जॉप यांनी पहिल्या महायुद्धात एक हात आणि एक डोळा गमावला होता, तरी ते स्पिटफायर ही लढाऊ विमाने पोहोचवत. वॉल हँडली मोटरसायकलच्या शर्यतींत नाव कमावून आला होता. जानेवारी १९४० मध्ये पॉलीन गॉवर यांच्या नेतृत्वाखाली पहिल्या आठ स्त्रिया आल्या. त्यांत रोझमेरी रीस बॅले नर्तिका होती. डग्लस यांच्या पत्नी मार्गारेट फेअरवेदर अडतीस वर्षांच्या होत्या, आणि पुढे स्पिटफायर चालवणारी पहिली स्त्री त्याच ठरल्या. सुरुवातीला या स्त्रियांना उघड्या कॉकपिटची टायगर मॉथ तेवढी मिळत. दीड वर्षात त्यांना लढाऊ विमाने मिळाली आणि १९४३ साली पुरुषांइतका पगारही. अंगात नाही म्हणून जे नाकारले होते ते अंगात होतेच, हे गरज पडल्यावर मान्य झाले.

ही माणसे टिकली ती केवळ हौसेवर नव्हे, आणि माझ्या मते या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग इथेच आहे. एटीएने प्रत्येक विमान वेगळे शिकवण्याचा नाद सोडला. विमानांचे सहा वर्ग पाडले: हलकी एकइंजिनी, वेगवान एकइंजिनी, हलकी दोनइंजिनी, जड दोनइंजिनी, चार इंजिनांची बॉम्बफेकी आणि पाण्यावर उतरणारी. एका वर्गाचे शिक्षण झाले की वैमानिकाने त्या वर्गातली विमाने पोहोचवायची, हात बसू द्यायचा आणि मगच पुढच्या वर्गाच्या शिक्षणाला यायचे. ज्या जातीचे विमान पूर्वी पाहिलेही नाही तेही चालवायची वेळ येई. त्यासाठी प्रत्येकाच्या खिशात कड्यांमध्ये ओवलेल्या कार्डांची छोटी वही असे. एका विमानाला एक कार्ड: उड्डाणाला वेग किती, फ्लॅप किती खाली, इंजिनाचे फेरे किती, उतरताना कोणत्या वेगाने यायचे, कोणत्या खोडीपासून जपायचे. पंखाखाली उभे राहून काही मिनिटे कार्ड वाचायचे आणि निघायचे. सोबत रेडिओ नाही, ढगांतून उपकरणांवर उडण्याची परवानगी नाही. ढग ८०० फुटांच्या खाली असतील किंवा २,००० यार्डांपलीकडचे दिसत नसेल तर निघायचे नाही, आणि हवा तेवढी चांगली असली तरी निघायचे की थांबायचे हा निर्णय सर्वस्वी वैमानिकाचा. इथे शौर्याला किंमत नव्हती; विमान शाबूत पोहोचण्याला होती. अशा कामात थांबायचे कधी हे कळणे ही मुख्य विद्या ठरते, आणि ती आयुष्यात आधी दुसरी जबाबदारी पेललेल्या माणसाकडे बरीचशी तयार असते.

संस्था नोव्हेंबर १९४५ मध्ये बंद झाली तोवर १,१५२ पुरुष आणि १६८ स्त्री वैमानिकांनी १४७ जातींची ३,०९,००० हून अधिक विमाने पोहोचवली होती. या आकड्यासमोर दुसरा आकडा ठेवलाच पाहिजे: १७४ मृत्यू. एटीएतलीच प्रख्यात वैमानिक एमी जॉन्सन ५ जानेवारी १९४१ रोजी वाईट हवेत थेम्सच्या मुखाजवळ गेली. वॉल हँडली त्याच वर्षी गेला. डग्लस फेअरवेदर १९४४ च्या एप्रिलमध्ये एका रुग्णाला आणायला निघाले असता समुद्रात गेले आणि चार महिन्यांत मार्गारेटही अपघातात गेल्या. कोणी म्हणेल, म्हणूनच अशा लोकांना उडू देऊ नये. पण रेडिओविना, ब्रिटनच्या हवेत, कधी सदोष तर कधी कधीच न हाताळलेल्या विमानांवर केलेले हे काम होते, आणि त्यात साधारण दर १,७७५ विमानांमागे एक जीव गेला. शिवाय एमी सदतीस वर्षांची, जगातल्या नामांकित वैमानिकांपैकी एक होती. वाईट हवा वय पाहून वार करत नव्हती. हे मृत्यू या कामाचा धोका दाखवतात, उशिरा येण्याचा दोष दाखवत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ही माणसे नवशिकी नव्हती, हौस म्हणून आधीच उडत होती. मग त्यांच्यावरून नव्याने सुरुवात करणाऱ्यांबद्दल काय सिद्ध होते? हलक्या विमानावरचे २५० तास आणि चार इंजिनांचे लँकेस्टर बॉम्बफेकी विमान यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर या लोकांनी चाळिशीत, पन्नाशीत पार केले, हे त्याचे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे असे की पुढे माणसे कमी पडू लागली तेव्हा एटीएने अजिबात न उडालेल्या उमेदवारांनाही अगदी पहिल्या धड्यापासून शिकवले. हे उमेदवार बहुतेक तरुण होते हे खरे. पण नोकरी सोडून आलेल्या माणसाला शून्यापासून घडवणारी शिक्षणपद्धत चालते, हे त्यातून दिसले. मात्र या आक्षेपात दडलेला एक मुद्दा पूर्ण मान्य करायला हवा. हौस म्हणून उडण्याला पैसा लागे. एटीएतले बरेच जण सुखवस्तू होते. एमी जॉन्सन वकिलाच्या कचेरीत टंकलेखन करत उडायला शिकली ती सरकारने १९२५ पासून हौशी विमान क्लबांना मदत सुरू केली म्हणून. भारतातही १९२८ पासून असेच क्लब निघाले. मुंबईच्या क्लबमध्ये शिकून जे. आर. डी. टाटांनी १९२९ साली भारतात दिला गेलेला पहिला परवाना घेतला. उशिरा येणाऱ्याची वाट अडवणारी खरी भिंत पैशाची होती, आणि आजही तीच आहे.

युद्ध संपल्यावर विमान कंपन्यांनी वयाचा हिशेब पुन्हा हाती घेतला आणि वरिष्ठतेच्या यादीने तो पक्का केला. पगार, मार्ग, कॅप्टनची जागा हे सारे रुजू होण्याच्या तारखेवर ठरू लागले. त्यामुळे पूर्वीच्या पेशातला वीस वर्षांचा अनुभव शून्य धरला जातो आणि चाळिशीतला नवागत विशीतल्या मुलाच्या मागे उभा राहतो. अमेरिकेने १९५९ साली नियम करून प्रवासी कंपन्यांच्या वैमानिकांना साठीला घरी बसवले. २००६ साली आंतरराष्ट्रीय मर्यादा ६५ वर आली, २००७ मध्ये अमेरिकेनेही तेच केले, भारतातही आता ६५ चीच मर्यादा आहे. या अर्धशतकात माणसाचे शरीर बदलले नाही, वैमानिकांची गरज बदलली. निवृत्तीचे वय ठरले की शिकवण्यावरचा खर्च किती वर्षांत वसूल होईल याचा हिशेब कंपनी करते आणि उशिरा येणारा त्यात तोट्यात दिसतो. कंपनीने असा हिशेब करणे गैर नाही. त्याला वैद्यकशास्त्राचे नाव देणे गैर आहे. शरीर तपासायचे तर त्याची सोय केव्हाच झाली आहे: ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी आणि सिम्युलेटरवरची परीक्षा प्रत्येक वैमानिकाला द्यावीच लागते. प्रत्येकाची अशी स्वतंत्र परीक्षा होत असताना सगळ्या चाळिशीला एकच अंदाज लावण्याचे कारण उरत नाही.

आपल्याकडे व्यावसायिक परवान्याला किमान वय १८ आहे, २०० तास उड्डाण लागते, पण सुरुवात करण्याला कमाल वयाची कायदेशीर अट नाही. अडथळे वेगळेच आहेत. शिक्षणाचा खर्च लाखोंत आहे. गेली अनेक वर्षे बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असण्याची अट आहे. त्यामुळे वाणिज्य किंवा कला शाखेतून आलेल्या माणसाला पुन्हा शाळेची परीक्षा द्यावी लागते. हे विषय लागतातच, पण ते कधी आणि कुठे शिकले यापेक्षा आज येतात का हे पाहणे अधिक शहाणपणाचे. एटीएने तेच केले: जुनी प्रमाणपत्रे आणि जन्मतारीख यांपेक्षा चाचणीवर विश्वास ठेवला, शिक्षण पायऱ्यापायऱ्यांनी दिले आणि थांबण्याचा अधिकार वैमानिकाला दिला. ही तिन्ही तत्त्वे आजच्या उड्डाणशाळांना आणि कंपन्यांना परवडण्यासारखी आहेत. त्यांच्या जोडीला शिक्षणकर्जाची सोय झाली तर चाळिशीत येणारा माणूस अपवाद राहणार नाही. प्रवाशाला वैमानिक किती वर्षांचा हे कळण्याची गरज नसते. तो तपासणीत उतरला आहे आणि हवा बिघडली तर परत फिरण्याइतका विवेक त्याच्यात आहे, एवढी खात्री त्याला हवी असते. ती खात्री देणारी माणसे इतर पेशांतही आहेत; त्यांना आत घेण्याची रीत ऐंशी वर्षांपूर्वीच सिद्ध झाली आहे.