बारा कोस म्हणजे नेमके किती?

आमच्या अमेरिकन क्लायंटचं एक लाडकं वाक्य आहे: 'वुई स्टिल हॅव अ वेज टु गो'. शुक्रवारच्या कॉलवर एकदा तरी येतंच. आता सुरुवातीला 'अ' आणि पुढे 'वेज', म्हणजे एकवचन की अनेकवचन? टीममधल्या एकाने हे चुकीचं इंग्रजी आहे असा निकाल दिला, म्हणून जरा खोदकाम केलं. तर कोशकार म्हणतात, तो शेवटचा 'ज' मुळात अनेकवचनाचा नाहीच. जुन्या इंग्रजीतल्या षष्ठी विभक्तीचा तो उरलेला तुकडा आहे. 'ऑलवेज'मध्ये, 'साइडवेज'मध्ये बसलाय तोच. म्हणजे हजार वर्षांपूर्वीची विभक्ती आमच्या प्रोजेक्ट प्लॅनमध्ये सुखरूप आहे. प्लॅनचं काय ते विचारू नका :)

त्या नादात आपल्या मराठी वाटांकडे वळलो. 'वाट' आली संस्कृत वर्त्मन् वरून. आपण तिला नुसतं तुडवत नाही. आपण ती पाहतो, चुकतो, लावतो, एखाद्याच्या वाटेला जात नाही आणि कुणासाठी वाट वाकडी करतो. 'मजल' मात्र परदेशी, अरबी मंझिलवरून आलेली. दिवसभर चालून जिथे मुक्काम करायचा तो टप्पा. त्यावरूनच 'मजल दरमजल' आणि बिल्डिंगचा मजलासुद्धा. म्हणजे मी राहतो तो शब्दशः चौथा मुक्काम. लिफ्ट बंद असली की हे फार पटतं.

'मैलाचा दगड' हा वाक्प्रचार इंग्रजीची नक्कल, पण दगड खरे होते. १८१६ ते १८३७ च्या दरम्यान मुंबईत फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून मैल मोजून रोमन आकड्यांचे दगड बसवले होते. त्यातले काही अजून फुटपाथवर आहेत. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर मैल हळूहळू रस्त्यावरून गेले, बोलण्यातून नाही. 'कंपनीने किलोमीटरचा दगड गाठला' असं कुणी म्हटलेलं ऐकलंय?

पण खरी गंमत कोसात आहे. कोस म्हणजे संस्कृत क्रोश. 'आक्रोश'मधलाच क्रोश. क्रुश् म्हणजे ओरडणे. म्हणजे कोस हे मुळात ओरडलेलं ऐकू जाईल तेवढं अंतर. आता कोण ओरडतंय, वारा कुठून आहे, ऐकणारा कोण... सगळंच हवेत. एकक हवेत असलं की काय होतं ते नासाला विचारा. १९९९ साली त्यांचं मंगळावर पाठवलेलं एक यान गेलं, कारण एका टीमचे आकडे पौंडांत आणि दुसरी टीम ते न्यूटनमध्ये समजत होती.

आपल्याकडे हा घोळ बावीसशे वर्षांचा आहे. अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात रस्त्यावर विहिरी खणल्याचा उल्लेख आहे. किती अंतरावर? तिथल्या शब्दाचा अर्थ काही अभ्यासक 'अर्ध्या कोसावर' लावतात, काही 'आठ कोसांवर'. सोळापट फरक! तहानलेल्या बैलाला हा वाद कसा समजावणार?

भास्कराचार्यांनी मात्र ११५० च्या लीलावतीत साफ लिहून ठेवलंय. २४ अंगुळांचा हात, ४ हातांचा दंड, २००० दंडांचा क्रोश, ४ क्रोशांचं योजन. हात दीड फुटाचा धरला तर कोस साधारण ३.६६ किलोमीटर. अकबराचा कोस ५००० इलाही गजांचा. गज ३३ इंचांच्या आसपास धरला तर ४.२ किलोमीटर. आणि इंग्रजी अमदानीत ढोबळमानाने धरायचे तो दोन मैल, म्हणजे ३.२.

आता दर बारा कोसांवर भाषा बदलते ही म्हण घ्या आणि चर्चगेटहून विरार लोकल पकडा. इंग्रजांच्या कोसाने बारा कोस ३८.६ किलोमीटरवर, म्हणजे मीरा रोड येता येता संपतात. लीलावतीच्या हिशोबाने ४३.९, म्हणजे गाडी भाईंदर सोडून खाडीच्या पुलाकडे निघालेली असते. अकबराच्या कोसाने ५० च्या पुढे, म्हणजे नायगाव मागे टाकून वसईच्या जवळ. एक्सेलमध्ये हे मांडलं तेव्हा मी एकटाच हसत होतो. कारण भाषा खरंच इथेच बदलते. उत्तनच्या कोळीवाड्यात एक बोली ऐकू येते, आगऱ्यांची वेगळी, आणि पूल ओलांडून वसई तालुक्यात गेलं की वाडवळी आणि सामवेदी. म्हण करणाऱ्याच्या डोळ्यासमोर चर्चगेट नव्हतं हे उघड आहे, पण आकडा जमलाय खरा.

१९९४ साली बाबांनी मीरा रोडला वन रूम किचन घेतली तेव्हा बिल्डरच्या पत्रकावर छापलं होतं, 'स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर'. चालत पंचवीस मिनिटं लागायची, अर्ध्या वाटेवर मिठागरं आणि पावसाळ्यात गुडघाभर पाणी. बाबा वर्षानुवर्षं त्या हाकेच्या नावाने बोटं मोडत. पण क्रोशाचा हिशोब लावला तर बिल्डर व्युत्पत्तीने अगदी निर्दोष सुटतो. एक हाक म्हणजे एक कोस, साडेतीन किलोमीटर. वर त्याने आम्हाला दीड किलोमीटर सूटच दिली होती!

आजी गिरगावातच राहिली. "लांब पडतं रे," एवढंच म्हणायची. तिच्या लेखी दादरनंतर सगळं लांब. बाबा म्हणायचे, "आई, फास्ट गाडीने एक तास." ते मिनिटांत बोलत होते आणि ती कशात मोजत होती ते मला आत्ता कुठे कळतंय. चाळीत होतो तेव्हा गॅलरीतून तिने हाक मारली की मी खाली अंगणातून वर धावायचो. मीरा रोडला ती आठ वर्षांत तीनदा आली. पहिल्यांदा वास्तुशांतीला, दुसऱ्यांदा माझ्या दहावीच्या पेढ्यांना, आणि तिसऱ्यांदा पडल्यावर, टॅक्सीत आडवी होऊन. आम्ही रविवारी जायचो, मग महिन्याने, मग गणपती-दिवाळीला. चाळीस किलोमीटर तेवढेच होते.

इंग्रजीत सरळ रेषेतल्या अंतराला कावळा उडतो तसं म्हणतात. त्याचा अर्थ कळायला भाईंदरच्या खाडीवर यावं. समोर वसईचा किल्ला दिसतो. १७३७ ते १७३९ च्या चिमाजी अप्पांच्या मोहिमेत अलीकडचा धारावीचा किल्ला (झोपडपट्टीची धारावी नव्हे) मराठ्यांना आणि पोर्तुगीजांना दोघांनाही हवा होता, कारण इथून खाडीचं तोंड हातात येतं. म्हणजे समोरचं इतकं जवळ. पण गाडी घेऊन जायचं तर घोडबंदरजवळच्या वर्सोव्याच्या पुलाला वळसा. रस्त्याने ३८ किलोमीटरच्या आसपास, ट्रॅफिक लागला तर दोन तास. फेब्रुवारी २०२४ मध्ये रो-रो बोट सुरू झाली. पाण्यावरून अंतर साडेतीन किलोमीटरच्या आसपास, वेळ पंधरा मिनिटं.

साडेतीन किलोमीटर म्हणजे लीलावतीचा जवळजवळ एक कोस. पुढच्या शनिवारी गाडी बोटीत घालून जायचा विचार आहे. बाबाही येतो म्हणालेत. फक्त भरती-ओहोटीच्या वेळा बघाव्या लागतील.