मोहिनी झालेली कमला

आपल्या पनवेलच्या फडके नाट्यगृहात रंगमंचावर बाई दिसली, तर आज कुणाला नवल वाटत नाही. शंभर वर्षांपूर्वी तसं नव्हतं. बालगंधर्वांसारखी साडी नेसायची हौस घरोघरी होती; पण खऱ्या बाईनं तोंडाला रंग लावला की ती वाईट चालीची ठरायची. बाईचं सोंग घेणाऱ्या पुरुषाला मान आणि बाईला मात्र बोल!

म्हणूनच दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषानं केलं. त्याच वर्षी, म्हणजे 1913 मध्ये, ‘मोहिनी भस्मासुर’साठी दोन बायका उभ्या राहिल्या, त्याही मायलेकी. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि जेमतेम 13-14 वर्षांची कमला मोहिनी. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या. नाटक कंपनीसोबत गावोगाव फिरून त्यांनी लेकीला वाढवलं होतं.

कमला लहानपणापासून रंगमंचावर गाणारी. मूकपटात आवाजच नाही. सारं डोळ्यांनी नि हातांनी सांगायचं. तेही तिनं केलं. पुढे रघुनाथराव गोखल्यांशी लग्न झालं, पण मुलं लहान असतानाच वैधव्य आलं. कमलाबाई घरी बसल्या नाहीत. नाटकं, मूकपट, बोलपट करत राहिल्या. रंगभूमीवर पुरुषांच्या भूमिकाही केल्या. त्या कमाईवर तीन मुलगे वाढवले. त्यांतले चंद्रकांत गोखले मोठे नट झाले. विक्रम गोखले त्यांचेच चिरंजीव.

‘पहिली नटी’ म्हणून आपण 1913चं एक चित्र लक्षात ठेवतो. मला मोठी वाटते ती त्यानंतरची, लोकांचे बोल ऐकत घर चालवणारी कमलाबाई.