भीमेच्या पात्रातील सोने

उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरू लागले की पळसदेवचा भूतकाळ वर येतो. १९६९ साली काम सुरू होऊन १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाच्या जलाशयात जुने गाव गेले. माणसे उठून नव्या जागी वसली. पळसनाथाचे प्राचीन दगडी मंदिर मात्र पाण्यातच राहिले. २०२४च्या उन्हाळ्यात साठा फार खालावला, तेव्हा ते पुन्हा उघडे झाले. अशी जागा पाहिली की पुरलेल्या धनाच्या गोष्टी आपोआप जाग्या होतात. एखाद्या तरुणाजवळ साधा मेटल डिटेक्टर असेल आणि त्याला केवळ खिळे व पत्रेच सापडले असतील, तर अधिक महागाचे यंत्र घ्यावे काय, असा प्रश्न त्याला पडेल. आम्ही तो हसण्यावारी नेत नाही. कारण त्यात घरची शिल्लक पणाला लागते.

प्रथम यंत्राचाच इतिहास पाहू. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या देहात अडकलेली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असे उपकरण वापरले. तारेच्या वेटोळ्यातून निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र धातूजवळ बदलते, हे त्याचे तत्त्व. उपकरण चालत होते. पण रुग्णाच्या गादीखालील पोलादी स्प्रिंगांनी त्याला चकविले. गोळी सापडली नाही व अध्यक्ष वाचले नाहीत. यंत्र उत्तम असूनही भोवतालची परिस्थिती त्याला निरुपयोगी करू शकते, हा त्यातील बोध होय.

उलट, उजनी पूर्ण झाले त्याच १९८० साली ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात अशाच यंत्राने सुमारे २७ किलो वजनाचा सोन्याचा गोळा सापडला. मात्र तेथील जमीनच सोन्याची होती. गारगोटीच्या शिरांतून ते सोने आलेले होते. आपल्या देशात कोलारचे सोनेही अतिप्राचीन खडकांतले. भीमा, घोड, इंद्रायणी, मुळा-मुठा या नद्या पळसदेवपर्यंत सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा कातळ झिजवीत येतात. या कातळात सोन्याच्या शिरा नाहीत. शिवाय त्यातील लोहयुक्त कण यंत्राला खोटे इशारे देतात. जे मुळात नाही, ते महागडे यंत्र कोठून दाखविणार?

राहिला पुरलेल्या धनाचा प्रश्न. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. लपविणाऱ्यास कैदेची शिक्षा होऊ शकते. खनिज सोन्याचा शोधही १९५७च्या कायद्याप्रमाणे परवान्याविना करता येत नाही.

१९७४ साली दायमाबाद येथे एका भिल्ल ग्रामस्थाला झुडपाचे मूळ खणताना हत्ती, गेंडा, रेडा व रथ अशा चार धातुमूर्ती मिळाल्या. यंत्र नव्हते, सोनेही नव्हते; तरी महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाला त्यांनी नवे पान जोडले. चोरून उकरलेली वस्तू असे पान जोडू शकत नाही, कारण ती कोठे व कशाशेजारी होती हे सांगणारे कोणीच उरत नाही.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे: नवे यंत्र घेऊ नये. पळसदेवच्या गाळाखाली विस्थापितांच्या घरांचे पाये आहेत. पाणी ओसरेल तेव्हा तेथे जाणत्या वडीलधाऱ्यांना सोबत न्यावे, कोणाचे घर कोठे होते ते विचारावे आणि लिहून ठेवावे. ते सांगणारी पिढी आता थकत चालली आहे.