नैराश्य आणि मनःस्थितीचे इतर आजार कसे ओळखावेत? वाशिम जिल्ह्यातील तरुण व कार्यकर्त्यांसाठी माहिती

२००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वर्धा यांच्यासोबत त्यात वाशिमही होता. २०१८ मध्ये नीती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि वाशिम हे चार जिल्हे निवडले गेले. कोरडवाहू सोयाबीन-कापूस, कर्ज, नापिकी आणि आत्महत्या यांवर आपल्याकडे भरपूर बोलले जाते. मात्र आत्महत्येच्या आधी कित्येक आठवडे त्या माणसाच्या मनात काय चालले होते आणि ते कुणाच्या लक्षात आले होते का, यावर क्वचितच बोलणे होते.

दुसरी गोष्ट अशी की शासकीय मदतीच्या निकषांत बसण्यासाठी कुटुंबाच्या नावे शेती लागते. त्यामुळे सातबारा नसलेला मजूर, बाळंतपणानंतर खचलेली सून, पोलीस भरतीत तिसऱ्यांदा अपयश आलेला तरुण आणि वसतिगृहात एकटा पडलेला विद्यार्थी त्या चर्चेतही येत नाहीत. आपल्या समाजात भूमिहीन आणि अल्पभूधारक मोठ्या संख्येने आहेत. म्हणून ही माहिती प्रत्येक कार्यकर्त्याजवळ असायला हवी.

दुःख आणि आजार यांतला फरक

जवळचे माणूस गेले, पीक बुडाले, अपमान झाला की दुःख होणारच. तो आजार नव्हे. १९२६ मध्ये मुलगा राजरत्न गेल्यावर बाबासाहेब पार कोलमडले होते. मित्र दत्तोबा पवार यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ते दुःख मोकळेपणाने मांडले. पुढच्याच वर्षी, मार्च १९२७ मध्ये, महाडचा सत्याग्रह झाला. मोठ्या दुःखातूनही माणूस हळूहळू सावरतो. मधूनमधून त्याला भूक लागते, नातवंडाला पाहून हसू येते आणि कामात मन रमते.

नैराश्यात, म्हणजे डिप्रेशनमध्ये, हे सावरणे थांबते. दिवसचा बराचसा वेळ, जवळजवळ रोज आणि किमान दोन आठवडे खालील लक्षणे राहिली तर डॉक्टर नैराश्याचा विचार करतात:

१. मन सतत उदास, रिकामे किंवा हताश वाटणे.
२. आधी आवडणाऱ्या गोष्टींतला रस जाणे.
३. भूक किंवा वजन बरेच कमी होणे अथवा वाढणे.
४. झोप न लागणे, पहाटे फार लवकर जाग येणे किंवा दिवसभर झोपून राहणे.
५. हालचाली व बोलणे मंदावणे, किंवा उलट एका जागी बसवत नाही अशी बेचैनी.
६. फारसे काम न करताही थकवा.
७. आपण निरुपयोगी आहोत, सगळी चूक आपलीच आहे असे वाटत राहणे.
८. लक्ष न लागणे, साधे निर्णयही घेता न येणे.
९. मरणाचे किंवा स्वतःला संपवण्याचे विचार.

यांपैकी पाच किंवा अधिक लक्षणे असतील, त्यांत पहिले किंवा दुसरे असेलच, आणि त्यामुळे घरकाम, शेतीकाम किंवा अभ्यास अडत असेल, तर तो उपचार लागणारा आजार मानला जातो. निदान डॉक्टरांनीच करायचे आहे. आपले काम एवढेच की ही लक्षणे ओळखून माणसाला त्यांच्यापर्यंत पोहोचवणे.

आपल्या बोलीत हा आजार कसा येतो?

गावात कुणी "मला नैराश्य आले आहे" असे म्हणत नाही. "मन लागून नाही राह्यलं", "डोक्सं जड झालं", "जीव घाबरते", "अंगात ताकदच नाही" असे म्हणतात. अनेकांना डोकेदुखी, पाठदुखी, छातीत धडधड आणि अपचन हेच जाणवते. सलाईन लावून आणि टॉनिक घेऊन ते वर्षभर फिरतात, तपासण्यांत काही सापडत नाही आणि मग घरचे "नाटकं करते" असा शिक्का मारतात.

पुरुषांत उदासीपेक्षा चिडचिड आणि दारू वाढलेली दिसते. विद्यार्थ्यांत वर्ग चुकवणे, फोन न उचलणे आणि मित्रांना टाळणे दिसते. कार्यकर्त्यांत वेगळेच चित्र असते. जयंतीच्या महिन्यात रात्रंदिवस धावणारा माणूस अचानक बैठकीला येईनासा होतो आणि आपण म्हणतो, "त्याची निष्ठा संपली." असा निकाल देण्याआधी एकदा त्याच्या घरी जाऊन यावे.

"बाहेरचं झालं" म्हणून मांत्रिकाकडे नेण्याचे प्रकार अजून होतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

मनःस्थितीचे इतर आजार

*रेंगाळणारे नैराश्य.* लक्षणे तुलनेने सौम्य, पण दोन वर्षे किंवा त्याहून जास्त चालणारी. लोक त्याला स्वभाव समजतात. "तो लहानपणापासून असाच गप्प" म्हणून सोडून देतात. उपचाराने यातही फरक पडतो.

*बायपोलर, म्हणजे द्विध्रुवीय आजार.* यात कधी नैराश्य येते, तर कधी त्याच्या उलट उन्माद. उन्मादात माणूस दोन-तीन तास झोपूनही ताजातवाना असतो. तो न थांबता बोलतो, मोठमोठ्या योजना आखतो, उधारी करून पैसे उडवतो, आणि अडवले की भडकतो. हे आठवडाभर किंवा जास्त टिकले तर तातडीने दाखवावे. सौम्य उन्मादाचे चार-पाच दिवस घरच्यांना "पोरगा आता सुधारला" असेही वाटू शकतात. म्हणून नैराश्यासाठी डॉक्टरांकडे गेल्यावर पूर्वी कधी असा जोशाचा काळ येऊन गेला होता का, हे आवर्जून सांगावे. बायपोलर असताना फक्त नैराश्याच्या गोळ्या घेतल्या तर उन्माद उसळू शकतो. लिथियमसारखी औषधे यात उपयोगी पडतात, पण ती रक्ततपासणी करत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी लागतात.

*बाळंतपणानंतरचे नैराश्य.* प्रसूतीनंतर पहिले काही दिवस रडू येणे सामान्य आहे. ते दोन आठवड्यांनंतरही राहिले, बाळाबद्दल काहीच वाटेनासे झाले किंवा बाळाला इजा होईल असे विचार येऊ लागले, तर उपचार लागतात. भास होत असतील किंवा ती असंबद्ध बोलत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

*नैराश्यासारखे दिसणारे शारीरिक आजार.* थायरॉइडची कमतरता, रक्तक्षय आणि बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांतही थकवा व उदासी येते. त्यामुळे डॉक्टर सुरुवातीला रक्त तपासतात. दारूने नैराश्य वाढते. पंचशीलातले पाचवे शील आणि बावीस प्रतिज्ञांतील दारू न पिण्याची प्रतिज्ञा यांचा इथे अगदी व्यावहारिक उपयोग आहे.

कारण समाजात, आजार माणसात

आपल्या चळवळीत यावर दोन टोकाची मते ऐकू येतात. एक म्हणते, "हा मनाचा कमकुवतपणा आहे, बाबासाहेबांनी किती सोसले!" दुसरे म्हणते, "हा आजार नाहीच, हा अन्याय आहे. गोळ्या देऊन आमच्या पोरांना गप्प करू नका."

दुसऱ्या मतात मोठे तथ्य आहे. जातीचा अपमान, कर्ज आणि बेकारी यांनी मन आजारी पडते. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेल्यानंतर देशभरातील विद्यार्थ्यांनी हाच प्रश्न रस्त्यावर आणला.

पण क्षयरोगाचे उदाहरण घ्या. कोंदट घर, कुपोषण आणि गरिबी यांमुळे तो पसरतो. म्हणून आपण क्षयाच्या रुग्णाला "आधी घरकुल मिळू दे, मग औषध घे" असे सांगत नाही. औषध आज सुरू करतो आणि घरकुलासाठी मोर्चाही काढतो. नैराश्याचेही तसेच आहे. उपचार घेतल्याने अन्यायाविरुद्धची तक्रार मागे घेतल्यासारखे होत नाही. झोप आणि भूक परत आलेला माणूस ती तक्रार जास्त नेटाने लढवू शकतो.

उपचाराने काय होते?

सौम्य ते मध्यम नैराश्यात समुपदेशन पुरेसे ठरू शकते. तीव्र नैराश्यात सहसा त्याच्या जोडीला औषधे लागतात. गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे जातात. "चार दिवस घेतल्या, काही झालं नाही" म्हणून बंद करू नयेत. बरे वाटल्यावरही साधारण सहा महिने किंवा डॉक्टर सांगतील तितका काळ त्या चालू ठेवाव्या लागतात. नैराश्यावर दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या गोळ्या झोपेच्या गोळ्या नसतात आणि त्यांची नशेसारखी सवय लागत नाही, पण एकदम बंद केल्याने त्रास होतो.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात दर २० प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी नैराश्य आलेले असते, आणि नैराश्याच्या १०० रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांना उपचार मिळत नाहीत. ही दरी गावपातळीवर कमी करता येते, हे विदर्भातच दिसले आहे. 'विश्राम' नावाच्या कार्यक्रमात गावातल्याच लोकांना प्रशिक्षण देऊन आरोग्य कार्यकर्ते व समुपदेशक म्हणून उभे केले गेले, आणि गरज असेल तिथे मनोविकारतज्ज्ञ होते. ३० गावांत दोनदा पाहणी झाली. दीड वर्षात नैराश्यावर मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

धम्म, ध्यान आणि औषध

"विपश्यनेला जा, गोळ्या सोड" हा सल्ला चांगल्या भावनेने दिला जातो, पण तो धोक्याचा आहे. विपश्यना केंद्रांच्या प्रवेशअर्जातच मानसिक आजार आणि चालू औषधे यांची माहिती विचारतात, आणि ही साधना वैद्यकीय उपचारांना पर्याय नाही हे त्यांच्या नियमावलीत आहे. तीव्र नैराश्यात किंवा उन्मादात दहा दिवसांचे मौन त्रास वाढवू शकते. बरे झाल्यावर मात्र ध्यानाचा उपयोग होतो. वारंवार नैराश्य येऊन गेलेल्यांत ते पुन्हा उलटू नये यासाठी सजगतेवर आधारित उपचारपद्धती आज जगभर वापरली जाते.

तथागतांनी स्वतः जीवक वैद्याचे औषध घेतले. विनयपिटकाच्या महावग्गात अतिसाराने पडलेल्या भिक्खूची कथा आहे. कुणी त्याच्याकडे बघत नव्हते, तेव्हा बुद्धांनी आनंदासह स्वतः त्याला धुतले, बिछान्यावर ठेवले आणि मग संघाला रुग्णसेवेची जबाबदारी समजावली. त्याला तिथे पहिल्यांदा पाणी आणि हात मिळाले, उपदेश नंतर झाला.

बोलावे कसे? धोका कसा ओळखावा?

एकांतात भेटा आणि जास्त ऐका. "दादा, पंधरा दिवस झाले, तू पहिल्यासारखा दिसत नाहीस. झोप लागते का?" एवढ्याने सुरुवात होते. "पॉझिटिव्ह राहा", "तुझ्यापेक्षा वाईट दिवस लोकांनी काढले" असे म्हणू नका.

मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. निरोपाची भाषा, वस्तू वाटून टाकणे, "माझ्यामुळे सगळ्यांना ओझं" असे म्हणणे, आणि फार अस्वस्थ असलेल्या माणसाचे अचानक शांत होणे ही धोक्याची चिन्हे आहेत. अशा वेळी त्याला एकटे सोडू नका. फवारणीची औषधे घरातून हलवून दुसऱ्याच्या ताब्यात, कुलपात ठेवा. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आल्यानंतर आत्महत्या मोठ्या प्रमाणात घटल्या. संकटाचे ते काही तास हाताशी साधन नसले तर जीव वाचतो.

वाशिममध्ये कुठे जावे?

• टेली-मानस: १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सेवा मोफत आहे, २४ तास चालते आणि मराठीत बोलता येते.
• तातडीच्या प्रसंगी रुग्णवाहिकेसाठी १०८.
• वाशिमचे जिल्हा सामान्य रुग्णालय. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची सेवा इथूनच चालते. रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा किंवा कारंजा इथले असाल, तर जवळच्या सरकारी रुग्णालयात आधी दाखवून तिथून चिठ्ठी घेता येते.
• आशाताई. शेतकरी कुटुंबांच्या समुपदेशनासाठी २०१५ मध्ये राज्यातील १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू झाला, त्यात वाशिम आहे. त्यात आशांनी घरोघरी जाऊन लक्षणे विचारणे अपेक्षित आहे. आपल्या गावात हे होते का, हे ग्रामसभेत विचारावे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क झाला आहे. जात, लिंग किंवा गरिबीवरून तो नाकारता येत नाही. याच कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते. त्यामुळे पोलीस केसच्या भीतीने रुग्णालयात न्यायला उशीर करू नका.

विहाराने काय करावे?

वर्षावासात ग्रंथवाचन होतेच. त्यातला एक रविवार या विषयाला द्या आणि जिल्हा रुग्णालयातील समुपदेशकांना बोलवा. विहाराच्या फलकावर १४४१६ मोठ्या अक्षरांत लिहा. महिला मंडळातून दोघी आणि तरुणांतून दोघे नेमा. नव्या बाळंतिणी, कर्जात अडकलेली घरे आणि परीक्षेत अपयश आलेली मुले यांची त्यांनी महिन्यातून एकदा भेट घ्यावी. कुणी उपचार घेत असेल तर ते चावडीवर जाऊ देऊ नका. पहिल्या तारखेला त्याच्यासोबत एसटीने वाशिमला जा, आणि दुसऱ्या तारखेलाही जा. उपचार बहुधा दुसऱ्या खेपेलाच सुटतात.