घोड्याच्या पुस्तकात बैल

आठवीच्या वर्गात रवंथ करणाऱ्या जनावरांचा धडा चालू होता. मी फळ्यावर गाईच्या पोटाचे चार कप्पे काढले, उर्दूत नावे लिहिली आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे मुलांना ती पाठ करायला सांगितली. मागच्या बाकावरून एक मुलगा चाचरत म्हणाला, "सर, तिसरा खाना ऐसा थैली जैसा नहीं रहता. किताब जैसा रहता. अंदर पन्नेच पन्ने." मी विचारले, तुला कसे माहीत? तो गप्प झाला. शेजारचा हसून म्हणाला, "सर, इसके अब्बा की गोश्त की दुकान है ना!" सारा वर्ग खिदळला.

शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात या मुलाने 'बिझनेस' असे लिहिले होते, हे मला नंतर दिसले.

मुलगा बरोबर होता आणि माझी आकृती चुकीची होती. मराठीत या चार कप्प्यांना कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट म्हणतात. पडदेपोटात पातळ पडद्यांच्या थरावर थर असतात, एखादी जुनी पोथी उघडावी तसे. जर्मन भाषेत त्या कप्प्याचे एक नाव 'प्साल्टर' आहे, म्हणजे चक्क जबूरची पोथी. महाडच्या एका दुकानात बसणाऱ्या पोराला जे दिसले तेच दूरच्या मुलुखातल्या लोकांनाही दिसले होते. मी मात्र बी.एड. झालेला मास्तर, पुस्तकातली आकृती फळ्यावर उतरवीत होतो. त्या दिवसापासून मला एका प्रश्नाने धरले. जनावराच्या आतले हे ज्ञान पुस्तकात आले कुठून, आणि कोणत्या जनावराचे आले?

आधी शब्दच पाहा. उर्दूत जनावरांच्या वैद्याला जुना शब्द आहे 'सलोतरी'. अस्सल उर्दू वाटणारा हा शब्द आला आहे शालिहोत्र या संस्कृत नावावरून, आणि शालिहोत्र हा घोड्यांचा वैद्य. अरबीत शब्द आहे 'बैतार'. अंदलुसचा मशहूर वनस्पतिशास्त्रज्ञ इब्न अल्-बैतार आपल्याला नावाने माहीत असतो. त्याच्या नावाचा अर्थ 'जनावरांच्या वैद्याचा मुलगा'. पण हा 'बैतार'ही मूळचा ग्रीक, आणि ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'घोड्याचा वैद्य' असाच होतो. संस्कृत, ग्रीक, अरबी, उर्दू, कुठूनही निघा, वाट तबेल्यातच जाते.

कारण उघड आहे. घोडा सुलतानाचा, बैल शेतकऱ्याचा. बगदादेत १२०९ साली नकललेली बैतारीची एक सचित्र किताब आजही प्रसिद्ध आहे. तिच्या चित्रांत घोडेच घोडे आहेत. इजिप्तच्या नासिर मुहम्मद बिन कलाऊन या सुलतानाच्या बैताराने चौदाव्या शतकात मोठा ग्रंथ लिहिला, तोही मुख्यतः घोड्यांवर. आपल्याकडे 'फरसनामा' हा एक स्वतंत्र ग्रंथप्रकारच होऊन बसला. रेख्तीसाठी ओळखला जाणारा शायर सआदत यार खान रंगीन यानेही फरसनामा लिहिला. एखाद्या शायराने 'बकरीनामा' लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही.

युरोपात तरी काय वेगळे झाले? फ्रान्समध्ये लिओंला १७६२ साली पशुवैद्यकाची पहिली शाळा सुरू झाली. तिचे एक मोठे कारण होते गुराढोरांची साथ. शाळा काढणारा क्लोद बुर्जला मात्र घोडेस्वारी शिकवणाऱ्या अकादमीचा प्रमुख आणि घोड्यांवरच्या ग्रंथाचा लेखक! गुरे मरत होती म्हणून शाळा निघाली आणि तिची सूत्रे घोड्याच्या उस्तादाकडे गेली. पुढे शोव्हो या फ्रेंच पंडिताने पाळीव जनावरांच्या तुलनात्मक शरीररचनेचा ग्रंथ लिहिला. जॉर्ज फ्लेमिंगने १८७३ साली त्याचे इंग्रजी केले. १९१० साली सेप्टिमस सिसनचे पुस्तक आले आणि पिढ्यान् पिढ्या पशुवैद्यक शिकणाऱ्यांच्या हाती राहिले. या पुस्तकांची रीत अशी की घोडा हे नमुन्याचे जनावर. आधी घोड्याचा सांगाडा, घोड्याचे स्नायू, घोड्याचे आतडे सविस्तर सांगायचे. मग बैल, डुक्कर, कुत्रा यांच्यात काय निराळे आहे तेवढे सांगायचे. शेळी-मेंढी बहुधा बैलाच्या पोटातच उरकायची. तुलना होती, पण सगळ्यांची तुलना एकाच जनावराशी.

मुंबईत हे शिक्षण आले १८८६ साली. दिनशॉ माणेकजी पेटिट यांनी आपल्या पत्नीच्या नावाने परळला उभारलेल्या बाई साकरबाई जनावरांच्या इस्पितळाच्या सोबतीने मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील. या माणसाचे मला विशेष वाटते. ऐन विशीत, १८७६ साली, त्याने लिहिलेले पुस्तक होते विच्छेदनाच्या खोलीत वापरायचे, घोड्याच्या शरीररचनेचे. पण पाचच वर्षांनी त्याने बैलाच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, आणि हिंदुस्थानात आल्यावर हत्ती व उंटावरही. समोर जे जनावर येईल त्याचा अभ्यास केला पाहिजे हे त्याला कळले होते. १८९१ साली, वयाच्या पस्तिशीच्या आसपास तो वारला.

त्या वेळी मुंबईत घोड्यांना तोटा नव्हता. १८७४ पासून १९०५ पर्यंत ट्रामदेखील घोडेच ओढत. शिवाय फौजेचे घोडे, साहेबांच्या बग्ग्या, अरबस्तानातून येणारा घोड्यांचा व्यापार. मुलुखात मात्र बुळकांडीने गुरे मरत होती. सरकारने गुरांच्या साथीची चौकशी करायला नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७१ सालचा आहे. १८८९ साली पुण्याला त्यासाठी प्रयोगशाळा निघाली, तीच पुढे मुक्तेश्वरला गेली. म्हणजे रोग बैलाचा, खर्च बैलापायी, आणि विद्यार्थ्यापुढचे पहिले जनावर घोडा.

वाचक म्हणतील, जनावर ते जनावर, एवढा काय फरक पडतो? तर घोड्याला बरगड्यांच्या अठरा जोड्या, बैलाला आणि बकऱ्याला तेरा. बैलाला पित्ताशय असते, घोड्याला नसतेच. बैल-बकऱ्याला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. कुर्बानीचा बकरा घेताना आपण खालचाच ओठ उघडून 'दो दाँत' पाहतो तो त्यामुळे. घोड्याला वर-खाली दोन्हीकडे दात. ही झाली परीक्षेची माहिती. जीवन-मरणाची गोष्ट दुसरी आहे आणि ती आमच्या घरात घडली.

माझी दादी सांगायची. ती नवी नवरी असताना पोलादपूरच्या बाजूला त्यांच्या घरी एक दुभती म्हैस होती. पावसाळ्याच्या सुरुवातीला कोवळा चारा खाऊन ती फुगली. ढोलासारखे पोट, तोंडाला फेस, श्वास कोंडलेला. जनावरांचा डॉक्टर जवळपास नव्हता. ओळखीच्या एका टांगेवाल्या चाचांना बोलावले, कारण त्यांच्या घोड्याचे पोट फुगले तेव्हा डॉक्टरने सुई कशी टोचली ते त्यांनी पाहिले होते. चाचांनी बिस्मिल्लाह म्हणून म्हशीच्या उजव्या भकाळीत टोचले. म्हैस गेली. दादी म्हणायची, "नसीब." चाचा पुढे कित्येक वर्षे आमच्या दारावरून मान खाली घालून जात.

आज मला कळते की चाचांनी डोळ्यांनी पाहिलेले होते ते खोटे नव्हते. घोड्याचे मोठे आंधळे आतडे उजव्या बाजूला असते, म्हणून वायू काढायला डॉक्टर उजवीकडे टोचतो. गाई-म्हशीचे कोठीपोट मात्र पोटाची सगळी डावी बाजू व्यापून बसलेले असते. तिथे डाव्या भकाळीतच टोचावे लागते. घोड्याचे खरे ज्ञान म्हशीच्या उजव्या बाजूला खोटे ठरले. तुलनात्मक शरीररचना म्हणजे काय, हे मला पुस्तकापेक्षा त्या म्हशीने जास्त समजावले.

आणि आपला मुलूख तर बैलांचा. सावित्रीच्या खाडीतून होड्या महाडला लागत आणि इथून मीठ-मासळीची ओझी बैलांच्या पाठीवर घाट चढत. या डोंगरात तगणाऱ्या लहान चणीच्या गुरांना 'कोकण कपिला' या नावाने जातीची नोंद मिळाली २०१८ साली. इतके दिवस ती नुसती 'गावठी' होती.

पुस्तकातला बैल पुढे यायला स्वातंत्र्यानंतरची वर्षे लागली. १९६४ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने डी. राघवन यांचे बैलाच्या शरीररचनेचे पुस्तक काढले. त्यात बैल मुख्य, आणि घोडा, कुत्रा, कोंबडी तुलनेपुरती. सिसनचा क्रम उलटा झाला! आज आपल्याकडे पशुवैद्यकाच्या पहिल्या वर्षात गाय-म्हैस हेच नमुन्याचे जनावर धरून शिकवतात. फॉर्मॅलिन भरलेले जनावर लोखंडी चौकटीला उभे टांगतात, म्हणजे आतला प्रत्येक अवयव जिवंतपणी असतो त्याच जागी सापडतो. उजवे-डावे तिथे हाताला कळते.

पण हे उजवे-डावे ज्यांच्या हाताला आधीपासून कळत होते त्यांचे काय? गावात जनावराचे अंतरंग पाहणारे दोनच हात होते. एक आमच्या कसायाचा, दुसरा मेलेले ढोर ओढणाऱ्याचा आणि सोलणाऱ्याचा. इथे मला जपून लिहिले पाहिजे. याच महाडात मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा असे आपल्या लोकांना बजावले. (त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेला जागा कुणी देईना तेव्हा ती देणारे फत्तेखान आपल्यातलेच, हे आपली मुले विसरली आहेत.) जे काम लादलेले होते, ज्याच्यापायी माणसाला पाणी नाकारले जात होते, त्याला 'परंपरागत ज्ञान' म्हणून हार घालणे मला जमणार नाही. ते काम सोडले हे ठीकच झाले. माझी तक्रार एवढीच की ज्यांनी काम करायला लावले त्यांनी त्या हातांना काय ठाऊक आहे ते कधी विचारले नाही, आणि पुस्तके लिहिणाऱ्यांनी विचारले तेव्हा नाव नोंदवले नाही.

विचारल्याची एक गोष्ट मात्र नोंदलेली आहे. जालिनूस, म्हणजे हकिमांचा गॅलन, रोममध्ये असताना एक मोठा हत्ती कापला गेला. त्याच्या हृदयात हाड असते की नाही यावर हकिमांचा वाद चालला होता. हृदय बादशहाच्या बावर्च्यांनी नेले. जालिनूसने आपला एक शागीर्द बावर्चीखान्यात पाठवला आणि ते हाड काढून आणवले. ज्या ग्रंथात त्याने हे लिहिले त्याचा उत्तरार्ध ग्रीकमध्ये हरवला आणि केवळ अरबी तर्जुम्यामुळे आपल्यापर्यंत पोहोचला. जालिनूसचे नाव राहिले, तर्जुमा करणाऱ्यांचेही राहिले. बावर्च्याचे नाव कुठेच नाही.

ही गोष्ट मी वर्गात सांगितली. तिसऱ्या दिवशी तो मागच्या बाकावरचा मुलगा वडिलांना घेऊनच शाळेत आला. त्यांनी खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढली. आत बोटाच्या पेराएवढे, धुऊन पांढरे केलेले हाड. "बड्याच्या दिलात निघते, सर. बकऱ्याच्या सहसा नाही." घोड्याच्या हृदयात त्या जागी बहुधा कूर्चाच असते, हे मी त्यांना सांगितले. त्यांना ते ठाऊक नव्हते आणि फार आवडले. हाड वर्गात हातोहात फिरले. आता ते प्रयोगशाळेच्या कपाटात बाटलीत आहे. चिठ्ठीवर जनावराचे नाव, अवयवाचे नाव आणि खाली देणाऱ्याचे नाव व पेशा, त्यांनी सांगितला तसा.

जाताना त्यांनी विचारले, जनावरांचा डॉक्टर व्हायला पोराला कुठे पाठवावे लागेल? मी म्हटले, आधी बारावी आणि नीट. पेपर उर्दूतही मिळतो. मग साडेपाच वर्षे. परळला जागा मिळाली तर ठीक, नाहीतर शिरवळ. ते कॉलेज १९८८ पासून आहे आणि आपल्याला जवळचे. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "पण सर, पावसात वरंधा बंद असतो. मग आंबेनळीने जायचं का?"