वारीतील मजल आणि मुक्काम

वारीतील मजल आणि मुक्काम : आषाढी एकादशीसाठी पंढरपूरला पायी जाणाऱ्या पालख्यांच्या वाटचालीची दिवसवार आखणी. एका दिवसात चालावयाचे अंतर म्हणजे मजल, वाटेतील अल्प विश्रांती म्हणजे विसावा व रात्रीचा निवास म्हणजे मुक्काम होय. ज्या मोकळ्या जागेत मुक्काम पडतो, तिला पालखीतळ म्हणतात. सामान्यतः यात्रेकरू किती चालावे व कोठे राहावे हे आपल्या शक्तीप्रमाणे व ऐपतीप्रमाणे ठरवितो. वारीत मात्र हा निर्णय व्यक्तीकडे नसून परंपरेने चालत आलेल्या समुदायाकडे असतो. पेरणीच्या हंगामात घर सोडून निघालेला शेतकरी किंवा वृद्ध स्त्री सु. २५० किमी.चे अंतर चालू शकते, याचे एक प्रमुख कारण या सामुदायिक आखणीत आहे.

इतिहास : पंढरीची वारी ज्ञानदेवांच्या काळाहूनही जुनी मानली जाते, तथापि संतांच्या पादुका पालखीत ठेवून वारी करण्याची प्रथा नंतरची आहे. संत तुकारामांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये देहूहून तुकोबांच्या व आळंदीहून ज्ञानेश्वरांच्या पादुका एकत्र नेण्यास आरंभ केला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सातारा जिल्ह्यातील आरफळ येथील हैबतरावबाबा यांनी ज्ञानेश्वरांचा पालखी सोहळा स्वतंत्र केला. शिंदे सरकारच्या पदरी राहिलेल्या या गृहस्थांनी सोहळ्याला जवळजवळ लष्करी शिस्त लावली. दिंड्यांचा क्रम, चोपदारांचा अधिकार, तंबू व अश्व या गोष्टी त्या शिस्तीच्या निदर्शक आहेत. अश्व व तंबू पुरविण्याचा मान बेळगाव जिल्ह्यातील अंकली येथील शितोळे सरदारांच्या घराण्याकडे आहे.

तिथी व मुक्काम : ज्ञानेश्वरांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून निघते व आषाढ शुद्ध दशमीस पंढरपूरला पोहोचते. अशा रीतीने वाटचालीची दोन्ही टोके तिथीने बांधलेली आहेत. पुणे व सासवड येथे प्रत्येकी दोन रात्री मुक्काम असतो. पुढे जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव व वाखरी असे मुक्काम पडतात. चांद्र तिथी आणि सौर दिवस यांची लांबी सारखी नसल्यामुळे एखाद्या तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाली, की वाटेवरील दिवसांची संख्या बदलते. हा फरक प्रामुख्याने लोणंद येथे सामावून घेतला जातो. तेथील मुक्काम पंचांगाप्रमाणे एक दिवसापासून अडीच दिवसांपर्यंत कमीअधिक होतो. एका ठिकाणी राखलेल्या या सैलपणामुळे इतर गावांचे वेळापत्रक फारसे विस्कटत नाही. आपल्या गावी पालखी कोणत्या तिथीला येणार हे यजमान गावांना पूर्वापार ठाऊक असते; त्यामुळे पाणी, सरपण व धान्य यांची तयारी आधीच करता येते.

मजलांचे प्रमाण : सर्व मजला सारख्या नसतात. सर्वांत लांब मजल पुणे ते सासवड ही सु. ३२ किमी.ची असून तीत दिवे घाटाचा चढ आहे. ती ज्येष्ठ वद्य एकादशीस येत असल्याने बहुतेक वारकरी उपवास करूनच घाट चढतात. रथाला त्या वेळी जादा बैलजोड्या जुंपतात. या श्रमानंतर सासवडला दुसऱ्या रात्रीचाही मुक्काम असतो. पुढील बहुतेक मजला १२ ते २१ किमी.च्या दरम्यान आहेत. लोणंद ते तरडगाव ही मजल जेमतेम ८ किमी.ची आहे, तथापि त्या वाटेवर चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते. भंडीशेगाव ते वाखरी ही मजलही अशीच आखूड असून तिच्या वाटेवर बाजीराव विहीर येथे रिंगण असते. यावरून मजल ठरविताना केवळ पायांची शक्ती विचारात घेतलेली नाही, हे स्पष्ट होते. परतीच्या वाटचालीत ते अधिकच उघड होते. आषाढी पौर्णिमेला गोपाळकाला झाल्यावर निघालेली पालखी तेच अंतर सु. दहा दिवसांत कापते. त्या वेळी समुदाय लहान असतो व रिंगणे नसतात. जाताना लागणारे अधिक दिवस हे विसावे, भजन, कीर्तन आणि मंद चालणाऱ्यांना सोबत ठेवणे यांसाठी दिलेले असतात.

दैनंदिन व्यवस्था : पहाटे ठराविक अंतराने कर्णे वाजवून प्रस्थानाची सूचना देतात. दिंडीतील सामानाची वाहने पुढे जातात व पालखी पोहोचण्यापूर्वी तळावर राहुट्या उभारून स्वयंपाक सुरू होतो. पूर्वी हे काम बैलगाड्या करीत. जेवणखर्चासाठी प्रत्येक वारकरी दिंडीत ठराविक रक्कम भरतो. तिला भिशी म्हणतात. सायंकाळी तळावर समाज-आरती होते. चोपदाराने दंड उंचावताच सर्व टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवीत राहते. चोपदार तिच्याकडे जाऊन गाऱ्हाणे ऐकतो. हरवलेल्या व सापडलेल्या वस्तू आणि दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ याच प्रसंगी जाहीर होते.

बदल व प्रश्न : एकोणिसाव्या शतकात यात्रेबरोबर पटकीची साथ पसरण्याचे भय मोठे होते. मुक्कामाच्या गावचे पाणी व स्वच्छता हे प्रश्न तेव्हापासून शासनव्यवस्थेच्या चिंतेचे विषय झाले. आज टँकर, फिरती शौचालये व आरोग्यपथके यांची योजना केली जाते. परंतु लाखोंचा समुदाय आणि लहान गावांची सामावून घेण्याची शक्ती यांतील अंतर वाढतच आहे. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन्ही पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाच्या मुख्य टप्प्यांची पायाभरणी झाली. त्यात पायी चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र पट्टी योजिलेली आहे. रुंद रस्त्याने गर्दीची कोंडी कमी होत असली, तरी सावली, पाणी आणि तळाची मोकळी जागा यांची गरज रस्त्याने भागत नाही. २०२० व २०२१ मध्ये कोविडच्या साथीमुळे पायी वारी झाली नाही व पादुका दशमीस बसने पंढरपूरला नेण्यात आल्या. तिथी पाळली गेली, परंतु वाटेवरील गावांचे यजमानपद त्या दोन वर्षी खंडित झाले. २०२२ मध्ये वाटचाल पूर्ववत सुरू झाली, तेव्हा पालख्या जुन्याच मुक्कामांवर उतरल्या. लेखी वेळापत्रक दरवर्षी निघत असले, तरी या आखणीचा खरा आधार म्हणजे पालखीतळ राखून ठेवणारी व ठरलेल्या तिथीला वाट पाहणारी गावे हाच होय.