पाच वर्षांचे कुलूप

घंटा झाली आणि वर्गात मुलेच नाहीत, असे एखाद्या दिवशी झाले तर मास्तराचा जीव कासावीस होतो. परंतु मुले आहेत, मास्तर आहेत आणि शाळेलाच पाच वर्षे कुलूप, ही हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा मला ती खरी वाटेना. ती घडली अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्याच्या प्रिन्स एडवर्ड परगण्यात.

त्या मुलखात गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा निरनिराळ्या असत. सोयी समान असल्या म्हणजे वेगळेपणाला हरकत नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १८९६ साली आगगाडीच्या डब्यांवरून दिला होता. शाळांनाही तोच लावीत. समानता कशी होती म्हणाल, तर फार्मव्हिल गावची काळ्या मुलांची मोटन शाळा १९३९ साली १८० मुलांसाठी बांधलेली, आणि १९५१ साली तीत साडेचारशेवर मुले! जादा वर्गांसाठी पटांगणात डांबरी कागद ठोकलेली खोपटी उभी केली होती. ती पावसात गळत; थंडीत शेगडीजवळची मुले भाजत आणि लांबची कुडकुडत.

२३ एप्रिल १९५१ रोजी सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने हेडमास्तरांना युक्तीने बाहेर धाडले, मुलांना सभागृहात जमवले आणि संप पुकारला. मागणी एवढीच, की आम्हांला धड इमारत द्या. वकील म्हणाले, ‘वेगळेपणाच मोडायचा असेल, तर आम्ही उभे राहू.’ ११७ विद्यार्थ्यांच्या वतीने दावा दाखल झाला. ब्राउन खटल्यात इतर दाव्यांबरोबर त्याचाही निकाल लागला. १७ मे १९५४ रोजी नऊही न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, की सरकारी शाळांतला वेगळेपणा हीच विषमता होय.

गोष्ट येथे संपती, तर दिवाळीच्या फराळाबरोबर गोड लागली असती. पण १९५९ साली मुले एकत्र बसवण्याची वेळ आली, तेव्हा परगण्याच्या कारभाऱ्यांनी शाळांना पैसाच नाकारला. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली. काळी मुले कोणी परगावी नातलगांकडे गेली, कोणी चर्चच्या तळघरात अक्षरे गिरवू लागली. कित्येक घरीच राहिली. १९६३ साली देणग्यांवर मोफत वर्ग निघाले. २५ मे १९६४ रोजी न्यायालयाने ही बंदी बेकायदा ठरवली, तेव्हा कुठे सप्टेंबरात सरकारी शाळांची दारे उघडली.

माझ्या वर्गात एकदा तीन वर्षे शाळा सुटलेला मुलगा आला होता. लहानग्यांच्या रांगेत बसताना त्याचे गुडघे बाकाला लागत. पाटीवर काही लिहिले, की तो हाताने झाके. त्याला अक्षरे मी शिकवली. ती लाज मात्र मला पुसता आली नाही.

बार्बरा पुढे शाळेत ग्रंथपाल झाली. न्यायालयात जिंकलेली ती मुलगी मला थोर वाटते; पण रात्री आठवण येते ती कुलपाबाहेर राहिलेल्या पोरांची. त्यांचा हक्क न्यायालयाने परत दिला. वय कोणी परत द्यायचे?

म्हणून सुटी संपून पहिली घंटा होईल तेव्हा, वाचकहो, आपले मूल तर धाडाच. शेजारचे एखादे मागे राहिले नाही ना, तेही पाहा.